एकाच तापमानाला तीन ध्वनिवेग : एका रिलॅक्सर स्फटिकाच्या मोजणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

अल्ट्रासाउंड प्रोब बनवणाऱ्या एका लहान गटाचे हे प्रकरण. गटाची ओळख आणि प्रोब कुठे वापरायचा होता ते गाळले आहे. प्रोबच्या पोटात बसवायचा घटक होता पीएमएन-पीटी या नावाने ओळखला जाणारा एकस्फटिक. लेड मॅग्नेशियम निओबेट आणि लेड टायटॅनेट यांचे हे घन द्रावण, आणि त्यात टायटॅनेटचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास. पार्क आणि श्राउट यांनी १९९७ मध्ये या कुळातल्या स्फटिकांचे आकडे मांडले तेव्हापासून ट्रान्सड्यूसर (विद्युत संकेताचा ध्वनी आणि ध्वनीचा संकेत करणारे घटक) बनवणाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे आहे. डी-३३ गुणांक (दाबल्यावर किती विद्युतभार निघतो त्याचे माप) न्यूटनला २००० पिकोकुलोमच्या पुढे, आणि लांबीच्या दिशेचा विद्युत-यांत्रिक युग्मनांक (विद्युत आणि यांत्रिक ऊर्जा एकमेकींत किती बदलतात त्याचे माप) ०.९ च्या वर. नेहमीच्या पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटॅनेट) सिरॅमिकला हे आकडे गाठता येत नाहीत.

गटापुढे प्रश्न साधा होता. प्रोब थंड साठवणीतून निघून गरम यंत्रावर लागणार. तो किती तापमानापर्यंत चालेल? उत्पादकाच्या माहितीपत्रकात क्युरी तापमान (ज्यापुढे स्फटिकाचे विद्युत ध्रुवीकरण टिकत नाही) होते, डी-३३ होता, २५ अंश सेल्सियसचा ध्वनिवेग होता. तापमानाबरोबर ध्वनिवेग आणि क्षीणन (वाटेत ध्वनी किती दुबळा होतो ते) कसे बदलतात, याबद्दल चकार शब्द नव्हता. म्हणून गटाने स्वतःच मोजायचे ठरवले.

इथे रिलॅक्सर म्हणजे काय, हे थोडे सांगावे लागेल, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरच उभा आहे. बेरियम टायटॅनेटसारख्या साध्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये (स्वतःचे, उलटवता येणारे विद्युत ध्रुवीकरण असलेल्या पदार्थात) सुमारे १२० अंश सेल्सियसला संक्रमण होते. डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) तिथे टोकदार शिखर गाठतो, आणि मोजणीची वारंवारता बदलली तरी शिखर जागचे हलत नाही. लेड मॅग्नेशियम निओबेटमध्ये असे काही दिसत नाही. त्याच्या स्फटिकजाळीत मॅग्नेशियम आणि निओबियम एकाच प्रकारच्या जागांवर बसतात, दोघांचे विद्युतभार वेगळे आहेत आणि वाटणी बेशिस्त आहे. त्यामुळे आत सगळीकडे लहानमोठी यादृच्छिक विद्युतक्षेत्रे तयार होतात आणि ध्रुवीकरण एकसंध न होता नॅनोमीटर आकाराच्या तुकड्यांत विखुरते. हे तुकडे फार वरच्या तापमानापासून असतात. बर्न्स आणि डॅकोल यांनी १९८३ मध्ये अपवर्तनांकाच्या मोजणीतून दाखवले की शुद्ध लेड मॅग्नेशियम निओबेटमध्ये त्यांची चाहूल सुमारे ६२० केल्विनला लागते. डायइलेक्ट्रिक शिखर मात्र त्याच्या कितीतरी खाली, १ किलोहर्ट्झला २६५ केल्विनच्या आसपास येते. ते पसरट असते, आणि वारंवारता वाढवली की वरच्या तापमानाकडे सरकते.

ध्वनीला या तुकड्यांशी काय देणेघेणे? ध्वनी म्हणजे ताण आणि दाब यांची लाट. हा ताण इलेक्ट्रोस्ट्रिक्शनमुळे, म्हणजे ध्रुवीकरणाबरोबर आकार बदलण्याच्या गुणामुळे, ध्रुवीकरणाशी जोडलेला असतो. लाट जाते तेव्हा तुकड्यांची मांडणी किंचित बदलू पाहते. ती लाटेच्या तालात बदलू शकली, तर पदार्थ जास्त मऊ भासतो आणि ध्वनिवेग घटतो. मागे पडली, तर लाटेची ऊर्जा उष्णतेत जाते आणि क्षीणन वाढते. फारच मंद झाली, तर लाटेला ती दिसतच नाही आणि पदार्थ पुन्हा कडक होतो. म्हणून रिलॅक्सरचा ध्वनिवेग तापमानाच्या आलेखावर उथळ, रुंद खळगा काढतो. सुरी मारल्यासारखी खाच अपेक्षित नसते.

तीस टक्के टायटॅनेटचा स्फटिक मात्र निम्मा रिलॅक्सर, निम्मा फेरोइलेक्ट्रिक. खोलीच्या तापमानाला तो ऱ्हॉम्बोहेड्रल अवस्थेत (स्फटिकजाळीच्या एका ठेवणीत) असतो. तापवत गेले की साधारण ८० ते १०० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात, घडणीप्रमाणे, तो टेट्रागोनल या दुसऱ्या ठेवणीत जातो, आणि १३०-१४० च्या आसपास क्युरी तापमान ओलांडतो. म्हणजे एकाच आलेखात रिलॅक्सरचा पसरट खळगा आणि संक्रमणांच्या खाचा दोन्ही अपेक्षित होत्या. गटाला हे माहीत होते.

मांडणी आणि पहिली फेरी

पाच मिलिमीटर जाडीचा ठोकळा, दोन समोरासमोरच्या पृष्ठांवर सोन्याचे इलेक्ट्रोड, त्या दिशेने पोलिंग केलेले, म्हणजे मोठे विद्युतक्षेत्र लावून ध्रुवीकरण एका दिशेला वळवलेले. एका पृष्ठावर लिथियम निओबेटचा १० मेगाहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर सिलिकॉन तेलाच्या पातळ थराने टेकवलेला. लिथियम निओबेट निवडण्यामागे विचार होता. त्याचे क्युरी तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर असल्याने या मोजणीत तो स्वतः काही खोडी काढणार नव्हता. पल्स सोडायची, पलीकडच्या पृष्ठावरून परत येणारे प्रतिध्वनी पाहायचे. दोन प्रतिध्वनींमधला काळ वेग सांगतो आणि त्यांच्या उंचीतली घट क्षीणन.

आकड्यांचा अंदाज असा. या दिशेने अनुतरंग, म्हणजे जाण्याच्या दिशेनेच दाबत-ताणत जाणाऱ्या, ध्वनीचा वेग सेकंदाला ४६०० मीटरच्या जवळ, जायचे-यायचे अंतर १० मिलिमीटर, म्हणजे काळ सुमारे २.२ मायक्रोसेकंद. वेगात एक टक्का फरक पडला, तर ऑसिलोस्कोपवर जेमतेम २२ नॅनोसेकंदांची सरक. औष्णिक प्रसरणाची फिकीर नव्हती, कारण अंशाला लाखात एक भाग एवढे प्रसरण धरले, तरी शंभर अंशांत जाडी हजारात एकाने बदलते. प्रश्न त्याहून मोठ्या फरकांचा होता.

पहिल्या फेरीचा बेत होता : खोलीपासून उणे ७० अंश सेल्सियस, परत खोली, मग १५० पर्यंत वर, आणि परत खोली. सगळे एका दमात, एकाच ठोकळ्यावर.

अडचण

थंड होताना वेग हळूहळू वाढत गेला. हे अपेक्षितच होते. नीच तापमानाला ध्रुवीय तुकडे सुस्तावतात आणि स्फटिक कडक होतो. या कुळातल्या स्फटिकांवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोलीच्या तापमानाच्या पिझोइलेक्ट्रिक गुणाचा (दाबाने विद्युतभार देण्याच्या गुणाचा) पन्नास ते ऐंशी टक्के भाग या नॅनो-तुकड्यांमुळे असतो असा निष्कर्ष आहे. तुकडे गारठले की तो भाग ओसरणारच.

उणे ५० च्या जवळ मात्र प्रतिध्वनी एकाएकी खुजे झाले. वेगाच्या आलेखात पायरी आली. परत वर येताना पायरी गेली, पण थोड्या वरच्या तापमानाला. खोलीवर पोहोचल्यावर वेग सुरुवातीपेक्षा कमी निघाला आणि दिसणाऱ्या प्रतिध्वनींची संख्याही घटलेली.

इथे फेरी थांबवायला हवी होती. थांबवली नाही. चेंबर तापवायला लावलेलाच होता, बेतात पुढे १५० लिहिले होते, आणि "परतीच्या फेरीत कळेलच" असे म्हणून ती पुढे गेली. नव्वदीच्या घरात वेग झपाट्याने पडला, क्षीणन इतके वाढले की दुसरा प्रतिध्वनी गोंगाटात बुडाला. त्यापुढे थोडे सावरले, मग पुन्हा पडले. खाली परत येताना आलेख वर जातानाच्या आलेखावर बसलाच नाही.

दिवसाअखेर गटाकडे एकाच ठोकळ्याचे, एकाच खोलीच्या तापमानाचे तीन वेग होते : सुरुवातीचा, थंडाईनंतरचा आणि तापवल्यानंतरचा. तिघांत कोणता खरा, यावर वाद झाला.

मोजणी करणाऱ्या संशोधिकेचे म्हणणे, जोडथर बिघडला. गटप्रमुखांचे म्हणणे, हा रिलॅक्सर आहे, त्यात इतिहासाची छाप राहतेच, यात नवल काय? इलेक्ट्रॉनिक्स पाहणाऱ्या सहकाऱ्याला भलतीच शंका आली. इलेक्ट्रोड फेरीभर मोकळे होते, मग त्यांच्यावर जमलेला भार गेला कुठे? बैठकीत त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

तिघांनाही थोडेथोडे बरोबर म्हणावे लागले. "रिलॅक्सर आहे, चालायचेच" हे उत्तर मात्र मला सगळ्यात घातक वाटते. ते चूक आहे म्हणून नव्हे, तर ते कशालाही लागू पडते म्हणून. ज्या पदार्थाचा स्वभावच पसरट आणि इतिहासावर अवलंबून, त्यात मांडणीतला कोणताही दोष पदार्थाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येते.

समोरचे पर्याय

एक पर्याय होता जोडथर बदलून तीच फेरी तशीच पुन्हा करण्याचा. स्वस्त आणि झटपट. पण फरक पुन्हा दिसला, तर कारण तरीही कळणार नाही, आणि ठोकळ्याचे पोलिंग आधीच उतरले असेल तर दुसरी फेरी वेगळ्याच पदार्थाची मोजणी ठरेल.

दुसरा पर्याय प्रतिध्वनींची पद्धत सोडून अनुनादावर जाण्याचा. पातळ चकतीला इम्पीडन्स अ‍ॅनालायझर जोडायचा, अनुनाद आणि प्रति-अनुनाद वारंवारता वाचायच्या, त्यांवरून वेग आणि युग्मनांक काढायचे. यात जोडथर नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की पिझोइलेक्ट्रिक अनुनाद पोलिंग केलेल्या नमुन्यातच वाजतो. पोलिंग उतरले की चकती मुकी होते. म्हणजे ज्या तापमानाला सगळ्यात जास्त माहिती हवी, तिथेच ही पद्धत हात टेकते. शिवाय या स्फटिकांचा यांत्रिक गुणवत्तांक (अनुनाद किती टोकदार वाजतो त्याचे माप) शंभराच्या आसपासचा, कडक पीझेडटीपेक्षा बराच कमी. संक्रमणाजवळ शिखरे आधीच बुजलेली असतात.

तिसरा पर्याय नमुना बाहेर ब्रिल्वाँ विकिरणाच्या मोजणीला पाठवण्याचा होता. त्यात प्रकाशच ध्वनिलाटेला स्पर्श करतो, चिकटवायचे काही नसते. पण तिथली वारंवारता दहा-पन्नास गिगाहर्ट्झच्या घरातली, आणि रिलॅक्सरमध्ये वारंवारता बदलली की तापमानाची पट्टीच सरकते. किती सरकते, याचा अंदाज वोगेल-फुल्चर सूत्रातून येतो. दहा टक्के टायटॅनेटच्या पीएमएन-पीटीसाठी व्हिलँड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिलेली मूल्ये घेतली, म्हणजे गोठणतापमान सुमारे २९१ केल्विन, सक्रियण ऊर्जा सुमारे ०.०४१ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि मूळ वारंवारता सुमारे १०¹² हर्ट्झ, म्हणजे ढोबळ एक टेराहर्ट्झ, तर डायइलेक्ट्रिक शिखर १ किलोहर्ट्झला ३१४ केल्विनला, १० मेगाहर्ट्झला ३३२ ला आणि १० गिगाहर्ट्झला ३९० च्या वर येते. सूत्र डायइलेक्ट्रिक शिखराचे आहे. ध्वनीचा खळगा नेमका त्याच जागी असेल असे ते सांगत नाही, तो खालीही असू शकतो. पण सरकण्याचा आवाका कळतो. मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोबसाठी गिगाहर्ट्झचे मोजमाप थेट वापरता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले आणि तो पर्याय बाजूला पडला.

चौथा पर्याय, म्हणजे मोजणी सोडून माहितीपत्रकातले क्युरी तापमान घ्यायचे आणि त्यातून तीस-चाळीस अंश वजा करायचे. हा पर्याय कागदावर हसण्यावारी नेता येईल, पण वेळ कमी असला की असे निर्णय होतात. इथे तो घेतला असता, तर मर्यादा शंभराच्या जवळ आली असती, म्हणजे ऱ्हॉम्बोहेड्रल-टेट्रागोनल संक्रमणाच्या अगदी पुढ्यात किंवा त्याच्याही पलीकडे. या स्फटिकाच्या बाबतीत कामाची मर्यादा क्युरी तापमान ठरवत नाही, त्याच्या बऱ्याच खाली असलेले हे संक्रमण ठरवते.

शेवटी पहिल्या दोन पर्यायांचे मिश्रण ठरले : प्रतिध्वनी आणि अनुनाद दोन्ही, पण शंका एकेक करून बाजूला काढत.

काय केले

आधी जोडथर. त्याच ट्रान्सड्यूसरखाली, त्याच तेलाने, स्फटिकाऐवजी फ्यूज्ड सिलिकाचा (शुद्ध सिलिकाच्या काचेचा) ठोकळा लावला आणि थंड केला. फ्यूज्ड सिलिकाची ध्वनीच्या बाबतीतली वागणूक सरळ असते. तापमानाबरोबर वेग थोडा वाढतो, बाकी काही नाटक नाही. उणे ५० जवळ तिथेही प्रतिध्वनी खुजे झाले, परतताना तसेच वरच्या तापमानाला सावरले. साधे सिलिकॉन तेल त्या सुमाराला वाहायचे थांबते. पहिल्या आलेखातली पायरी तेलाची होती, स्फटिकाचा तिच्याशी संबंध नव्हता.

मग तेलाऐवजी एपॉक्सी वापरायचे ठरले, आणि इथे एक सहज निसटणारी गोष्ट होती. चांगली एपॉक्सी गरम करून मुरवतात. शंभर अंशांवर मुरवली, तर जोड पक्का होतो आणि स्फटिकाचे पोलिंग त्याच भट्टीत उतरते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला मुरणारी, अगदी पातळ थराची एपॉक्सी घेतली, आणि थर पातळ आहे हे पुन्हा सिलिकावर तपासले.

पायरी गेली. थंडाईनंतर वेग कमी निघण्याचा प्रकार मात्र राहिला. आता त्या तिसऱ्या सहकाऱ्याची पाळी आली.

पोल केलेला स्फटिक पायरोइलेक्ट्रिकही असतो, म्हणजे तापमान बदलले की त्याचे ध्रुवीकरण बदलते. थंड होताना त्याचे ध्रुवीकरण वाढते. इलेक्ट्रोड तारेने जोडलेले असतील, तर लागणारा भार तारेतून येतो. मोकळे असतील, तर भार येऊ शकत नाही आणि आत ध्रुवीकरणाच्या उलट दिशेचे क्षेत्र उभे राहते. तापताना हेच क्षेत्र ध्रुवीकरणाच्या बाजूने असते, म्हणून तितके बाधत नाही. धोका थंड करताना. किती मोठे क्षेत्र? पायरोइलेक्ट्रिक गुणांक चौरस मीटरला अंशामागे ६ × १०⁻⁴ कुलोमच्या आसपास आणि सापेक्ष डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५००० धरला, तर दहा अंश थंड केल्यावर सेंटीमीटरला सुमारे १.४ किलोव्होल्ट. जाडी यात येतच नाही. या स्फटिकांचे कोअर्सिव्ह क्षेत्र (ध्रुवीकरण उलटवायला लागणारे क्षेत्र) सेंटीमीटरला दोन-तीन किलोव्होल्ट. म्हणजे गळती नसेल, तर पंधरा-वीस अंशांच्या थंडाईतच स्फटिक स्वतःचे पोलिंग स्वतः मोडू लागतो. इथे थंडाई नव्वद अंशांची होती.

तपासणी त्या मानाने अगदीच साधी निघाली. ठोकळ्याला सेंटीमीटरला १० किलोव्होल्ट, म्हणजे पाच मिलिमीटरला ५ किलोव्होल्ट देऊन पुन्हा पोल केले. डी-३३ मीटरवर आकडा घेतला. दोन्ही इलेक्ट्रोडवरच्या तारा एकत्र पिळून थंड फेरी केली : वेग परत जागेवर, डी-३३ जागेवर. मग तारा सोडवल्या, दोन टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी वाकवली आणि तीच फेरी केली. वेग परतला नाही, डी-३३ पडला. पुन्हा पोल केल्यावर दोन्ही पूर्ववत. बाकी कशालाही हात लावलेला नव्हता.

एक वाद इथेही उद्भवला. एकाचे म्हणणे होते की तारा जोडल्यामुळेच वेग बदलेल, कारण शॉर्ट केलेला पिझोइलेक्ट्रिक मऊ असतो. अनुनादात वाजणाऱ्या लांब पट्टीसाठी ते लागू आहे. पण पोलिंगच्या दिशेने जाणाऱ्या छोट्या पल्सला पुढचे-मागचे इलेक्ट्रोड जोडले आहेत की नाही हे जाणवत नाही. लाटेच्या आतले विद्युत विस्थापन स्थिरच राहते, आणि तिला कडक स्थितीचाच वेग मिळतो. जाडीच्या युग्मनांकाचे मूल्य ०.६ धरले, तर हा कडकपणा विद्युत भाग वगळलेल्या स्थितिस्थापकतेच्या दीडपटीहून थोडा जास्त, वेगात सुमारे पंचवीस टक्के. पोलिंग उतरले की हा जादा कडकपणा मोठ्या प्रमाणात हरवतो. थंडाईनंतर वेग खाली का आला, त्याचे हे उत्तर. शिवाय मोडलेल्या डोमेनच्या (एकाच दिशेच्या ध्रुवीकरणाच्या पट्ट्यांच्या) भिंतींवर लाट विखुरते, म्हणून क्षीणनही वाढते.

उरला गरम भाग. त्यासाठी दोन गोष्टी बदलल्या. थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी) नमुनाधारकावर होता, तो स्फटिकाला लागूनच असलेल्या नकली ठोकळ्यावर नेला, आणि सरसर तापवण्याऐवजी टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्यावर वाचन स्थिर होईपर्यंत थांबत वर गेले. पीएमएन-पीटी उष्णतेचा मंद वाहक आहे. चालत्या तापमानात धारक आणि स्फटिकाचा गाभा यांत काही अंशांचा फरक राहतो आणि वर जाताना-खाली येताना तो खोटा हिस्टेरिसिस दाखवतो. दुसरे म्हणजे, प्रत्येक वेळी जरा जास्त वर जाऊन परत खोलीवर यायचे, डी-३३ पाहायचा, मगच पुढे. १५० ची फेरी सगळ्यात शेवटी.

सोबत एक तुलनेचा नमुनाही घेतला : दहा टक्के टायटॅनेटचे सिरॅमिक, पोल न केलेले. त्याचे डायइलेक्ट्रिक शिखर १ किलोहर्ट्झला ४० अंश सेल्सियसच्या आसपास येते आणि मोठ्या संक्रमणांची अडगळ त्यात नसते. रिलॅक्सरची नुसती वागणूक कशी दिसते, हे पाहायला तो बरा.

काय निघाले

सिरॅमिकने पुस्तकातल्यासारखे वागून दाखवले. वेगाचा खळगा उथळ, कित्येक दहा अंशांवर पसरलेला. वर जाताना आणि खाली येताना आलेख एकमेकांवर बसले. ट्रान्सड्यूसरच्या तिसऱ्या संनादीवर, ३० मेगाहर्ट्झला, क्षीणनाचा उंचवटा किंचित वरच्या तापमानाकडे गेला. वरच्या सूत्राने अपेक्षित सरक चार-पाच अंशांची, आणि दिसलेली त्याच पट्टीतली. कणांच्या सीमांवर होणारे विखुरणे वारंवारतेच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे ३० मेगाहर्ट्झचा आलेख एकूणच उंच बसला होता. ते वजा केल्याशिवाय उंचवट्याची उंची दोन वारंवारतांत ताडून पाहण्यात अर्थ नव्हता.

स्फटिकाच्या आलेखातून तेल, मोकळे इलेक्ट्रोड आणि थर्मोकपलची दिरंगाई काढल्यावर जे उरले, ते पहिल्या दिवसाच्या मानाने फारच शिस्तीचे होते. खोलीपासून वर वेग हळू घटत जातो. ऐंशीच्या पुढे उतार वाढतो, नव्वदीत खाच येते. खाचेच्या अलीकडून परत फिरले, तर वेग आणि डी-३३ दोन्ही परत मिळतात. खाच ओलांडून परतले, तर डी-३३ अर्धवटच परततो. क्युरी तापमान ओलांडले की काहीच परतत नाही, पुन्हा पोल करावे लागते. अनुनादाच्या चकतीने हेच दुसऱ्या भाषेत सांगितले. जाडीचा युग्मनांक खाचेपर्यंत जवळजवळ टिकून राहिला, पुढे शिखरे बुटकी होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली. जिथे अनुनाद गप्प झाला तिथे प्रतिध्वनींनी काम चालवले.

पहिल्या दिवसाच्या तीन वेगांपैकी पहिला पोल केलेल्या स्फटिकाचा होता, दुसरा थंडाईत अर्धवट पोलिंग उतरलेल्याचा, तिसरा पूर्ण उतरलेल्याचा. तिन्ही मोजमापे खरी होती.

मर्यादा ६० अंश सेल्सियस ठरली. ८० का नाही, यावर थोडी खेचाखेच झाली, कारण ८० पर्यंत सगळे परत मिळत होते. दोन गोष्टींनी कौल दिला. प्रोब सतत चालवला की घटक स्वतःच तापतो, त्यामुळे बाहेरचे ६० आत ६० राहत नाही. आणि वितळलेले द्रव्य हळूहळू गोठवत वाढवलेल्या या स्फटिकांमध्ये टायटॅनेटचे प्रमाण कांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे बदलत जाते. प्रमाण वाढले की ऱ्हॉम्बोहेड्रल-टेट्रागोनल संक्रमण खाली येते. एका चकतीवर नव्वदीत दिसलेली खाच त्याच कांडीच्या दुसऱ्या चकतीत ऐंशीत असू शकते.

इंडियम निओबेट मिसळलेला तिपेडी स्फटिक घ्यावा का, हाही विषय निघाला. त्यात हे संक्रमण शंभराच्या बरेच वर जाते आणि कोअर्सिव्ह क्षेत्र जवळपास दुप्पट होते, म्हणजे थंडीतल्या दुखण्यावरही उतारा. पण प्रोबचा सगळा आराखडा जुन्या घटकाच्या ध्वनि-प्रतिबाधेवर बेतलेला असल्याने तो पुढच्या आवृत्तीसाठी ठेवला.

थंडीचा उपाय स्वस्तात झाला. प्रत्येक घटकाच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये एक मेगओमचा रोधक कायमचा जोडला. घटकाची धारिता नॅनोफॅरडच्या घरातली, म्हणजे साठलेला भार मिलिसेकंदांत निघून जातो. आणि पाच मेगाहर्ट्झला अशा घटकाची स्वतःची प्रतिबाधा तीसेक ओम असल्याने समांतर बसलेल्या एक मेगओमचा सिग्नलला पत्ताही लागत नाही.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात मोठा निर्णय पहिल्याच दिवशी होऊन गेला होता, आणि तो कोणी घेतला असे म्हणताही येत नाही : खोलीवर परतल्यावर वेग जुळला नाही, तरी तापवणे सुरू राहिले. त्या एका ठोकळ्याचा थंडाईचा पुरावा १५० अंशांत पुसला गेला. तिथे थांबून डी-३३ मीटर लावला असता, तर पोलिंग उतरल्याचे तासाभरात कळले असते आणि जोडथराच्या वादाला एवढे बळ मिळाले नसते. मीटर त्याच खोलीत होता. ध्वनीच्या प्रयोगात विद्युत गुणांक कशाला मोजायचा, या विचाराने तो वापरला गेला नाही.

सिलिकाची कोरी फेरी स्फटिकाच्या आधी करायला हवी होती. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तरी ती नेहमी नंतरच होते, कारण कोऱ्या फेरीतून दाखवण्यासारखा आलेख निघत नाही.

इलेक्ट्रोड शॉर्ट करण्याबाबत थोडे वेगळे मत मला नोंदवावेसे वाटते. गटाने नंतर तो सरसकट नियम केला. साठवणीसाठी, वाहतुकीसाठी आणि तापमानाच्या फेऱ्यांसाठी तो योग्यच आहे. पण मोकळ्या इलेक्ट्रोडची फेरी वाया गेली असे मी म्हणणार नाही. प्रोबमधला घटक केबल न जोडता गोदामात पडलेला असतो तेव्हा तो मोकळाच असतो. ती फेरी झाली नसती, तर रोधकाची गरज ग्राहकाकडून परत आलेल्या प्रोबवरून कळली असती.

अहवालात वेगासाठी एकच रकाना ठेवायचा की चार, यावर शेवटपर्यंत एकमत नव्हते. मागणी "२५ अंशांचा ध्वनिवेग" अशीच होती. गेला त्या तक्त्यात वेगाच्या प्रत्येक आकड्यासोबत चार रकाने होते : तापमान, वारंवारता, पोलिंगची स्थिती, आणि त्या तापमानाला वरून आले की खालून. खरेदी विभागाने त्यातला वेगाचा पहिला आकडा उचलून आपल्या नमुन्यात भरला, आणि तापमानाशिवायचे बाकीचे तीन रकाने तपासणी विभागाने प्रत्येक नव्या कांडीच्या दोन्ही टोकांच्या चकत्यांसाठी वापरायला घेतले.